सवलतीच्या दुकानातली सायकल आणि उलटा फोर्क

घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या सवलतीच्या दुकानातून मुलीसाठी घेतलेली सायकल उपवन तलावापाशी पहिल्याच फेरीत वळणावर डगमगू लागली आणि तिच्या बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासले. घरी आणून नीट पाहिले, तेव्हा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, उलटा बसवलेला होता. त्याचा बाक पुढे असायला हवा, तो मागे होता आणि ब्रेकही फोर्कच्या मागच्या बाजूला आला होता. ही चूक गंभीर आहे, कारण तिच्यामुळे चाक पायाजवळ येते आणि हँडल अस्थिर होते.

ब्रेकची केबल सोडवली, हँडलचा बोल्ट सैल केला, हँडल सरळ धरून फोर्क अर्धा फिरवला आणि सारे पुन्हा आवळले. डावे पेडलही हलत होते. त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते १५ मिलिमीटरच्या पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने घट्ट करावे लागते. हे ठाऊक नसल्यास ते आवळण्याऐवजी सैलच होत जाते. शेवटी टायरवर छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरली. अशी सायकल घेणाऱ्यांनी दुकानातच फोर्कची दिशा पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.