ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: गिळण्याच्या त्रासात होणाऱ्या चुका

कंठावर दोन बोटं ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर सरकून परत खाली आलेला बोटांना कळेल. त्या सेकंदभरात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यांच्यावरची झडप वाकते आणि घास श्वासनलिकेला चुकवून अन्ननलिकेत उतरतो. पक्षाघात, पार्किन्सन किंवा घशाच्या कर्करोगावरचे उपचार यांमुळे हा मेळ बिघडू शकतो.

‘ठसका लागत नाही, म्हणजे नीट गिळतायत,’ असं नातेवाईक सांगतात तेव्हा मला जास्त काळजी वाटते. घशाची संवेदना गेली असेल, तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. म्हणून कान द्या. दोन घोट पाजले की ‘आ’ म्हणायला लावा. आवाज ओला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा आला, तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. पुन्हा पुन्हा ताप येणं, वजन उतरणं, जेवण रेंगाळणं याही खुणाच आहेत.

पातळ पदार्थ गिळायला सोपा, हा समज तर घरोघरी. खरं तर अशा रुग्णांपैकी अनेकांना पाणीच सगळ्यात अवघड जातं. ते इतक्या झपाट्यानं घशात पोचतं, की स्वरतंतूंना मिटायला वेळ मिळत नाही. पण म्हणून आपल्याच मनानं पाणी दाट करू नका. दाट पदार्थ काहींच्या घशात साचून राहतो. किती दाट हवं, हे तपासणीनंतर स्पीच थेरपिस्ट ठरवतात; त्यासाठी 0 ते 7 अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे.

आता पाजणाऱ्याकडे बघा. मुलगी पलंगाशेजारी उभी, वडील उशीला रेललेले. ग्लास अर्ध्यावर येतो तशी त्यांची मान मागे जाते, आणि श्वासमार्गाचं तोंड उघडं पडतं. त्यांना ताठ बसवा, स्वतः समोर बसा, छोटे घोट द्या, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. हनुवटी खाली घेऊन गिळणं अनेकांना मानवतं, सगळ्यांना नाही. व्हिडिओ बघून तो प्रयोग घरी नको.

‘बोलणं तर स्पष्ट आहे, मग स्पीच थेरपिस्ट कशाला?’ बोलायला जी जीभ, जे ओठ, टाळू आणि स्वरयंत्र लागतं, तेच गिळायलाही लागतं. बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून, घास नेमका कुठे वाट चुकतो ते बघता येतं. मग बसण्याची पद्धत, घासाचा आकार, जिभेचे-घशाचे व्यायाम हे सगळं त्या माणसापुरतं ठरतं.

तोंडाच्या स्वच्छतेकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. अस्वच्छ तोंडातली लाळ फुप्फुसात गेली, तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. अन्न देण्यासाठी नाकातून नळी घातली असली, तरी लाळ गिळावी लागतेच. त्या माणसाचेही दात आणि जीभ सकाळ-संध्याकाळ साफ करायची.