ट्रॅकसाठी टायर आणि हवा: या चुका टाळा

पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन रेसिंग ट्रॅकवर निघालेला माणूस एक्झॉस्ट बदलतो, एअर फिल्टर बदलतो, आणि हवा मात्र पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याच्या भरवशावर सोडतो. पंपावरचा गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, दोन-तीन पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सहज चुकतो. ट्रॅकवर खेळच तेवढ्याचा असतो. स्वतःचा गेज घ्या, कायम तोच वापरा.

खरी महागात पडते ती गार आणि गरम हवेची गल्लत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा गार टायरचा, रस्त्यासाठीचा. टायरमधली हवा साडेपाच अंशांनी तापली की साधारण एक पीएसआय वाढते. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर नेलेल्या हॅचबॅकचं बघा. सकाळी चारही टायरांत 32. पाच-सहा लॅपनंतर (ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर) पुढचा डावा 40. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे वळणांत भार डावीकडे येतो, इंजिनाचं वजन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच. मार खातो तो हाच टायर. मधला पट्टा फुगतो, पकड जाते, गाडी वळायचं सोडून सरळ घसरते. बोल लागतो टायरच्या कंपनीला.

मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, हवा सोडून 34 करतात. इथवर बरोबर. पण संध्याकाळी तशीच गाडी घराकडे! टायर गार झाला की तोच 34 म्हणजे 27. चार माणसं, डिकीभर सामान, हजारावर किलोमीटर हायवे. साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चाकाच्या प्रत्येक फेरीत दुमडते, आतून तापते, आणि फुटेपर्यंत वरून काही कळत नाही. बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीत हवाच. ट्रॅक सोडण्याआधी टायर गार होऊ द्या आणि दारावरचा आकडा भरा. ही पंधरा मिनिटं ज्यांना जड वाटतात, त्यांनी ट्रॅकच्या भानगडीत पडू नये.

ट्रॅकवर पुढचा डावा 27, उजवा 28, मागचे 29 अशी गार सुरुवात करायची. गरम झाल्यावर पुढचे 33 ते 35 च्या आत हवेत. माप पिटमध्ये शिरताच घ्यायचं, चहा पिऊन नाही. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा पट्टा आणि साईडवॉल मिळतात त्या कडेला, पांढरं बूट पॉलिश लावा. घासल्याची खूण साईडवॉलवरच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत आली तर जमलं. टोक ओलांडून खाली उतरली तर हवा कमी, वरच थांबली तर जास्त.

ट्रॅक ओला असेल तर टायर तेवढे तापत नाहीत. गार हवा दोन पीएसआय चढी ठेवा.

200 ट्रेडवेअरचे (साईडवॉलवरचा झिजेचा आकडा; जितका कमी तितका टायर लवकर झिजतो) टायर रोजच्या गाडीला? खाचा उथळ, झीज भराभर. जुलैत कोकणात उतरलात तर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगेल. घरी एकच सेट परवडत असेल तर 300 च्या आसपासचा घ्या.

नायट्रोजनही तापल्यावर फुगतोच. पैसे गेजला घाला.

साईडवॉलवर लिहिलेला कमाल दाब म्हणजे भरायचा दाब नव्हे.

सहा इंच रुंद रिमवर 225 मिलिमीटर रुंद टायर चढवू नका.

स्वस्तात मिळालेला टायर आधी तारखेसकट वाचा: 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर न्यायचाच नाही.