शुगरच्या रुग्णाचे पाय उपकेंद्रात कसे तपासावेत

गोळ्या न्यायला आलेल्या रुग्णाची शुगर तपासली जाते, बीपी मोजला जातो. चपला दारातच काढलेल्या असतात, तरी पायांकडे कोणी पाहत नाही. हे काम सिस्टरनेच अंगावर घ्यायला हवं, कारण मधुमेहात बधिर झालेला पाय दुखत नाही आणि रुग्ण स्वतःहून तक्रार करत नाही.

आधी पाय साध्या पाण्याने धुवून पुसून घ्या. वावरातल्या काळ्या मातीखाली जखम दिसत नाही. मग उजेडात तळवा, टाचेच्या भेगा आणि नखांच्या कडा पाहा. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडा, पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात. घट्ट्याखाली काळसर डाग असेल तर आत जखम असू शकते. घट्टा ब्लेडने कापू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता स्पर्श. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (वाकताना 10 ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू) असेल तर तो आधी रुग्णाच्या हाताला लावून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा. पायाच्या अंगठ्याच्या पेराखाली आणि अंगठा व करंगळीच्या मुळाशी तळव्यावर असलेल्या उंचवट्यांवर तंतू सरळ उभा धरून वाकेपर्यंत दाबा, 1 ते 2 सेकंद. घट्ट्यावर लावू नका. तिथे निरोगी माणसालाही कळत नाही. मुडपलेला तंतू टाकून द्या, त्याचा दाब बदललेला असतो.

तंतू नसेल तर बोट पुरतं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना 1 ते 2 सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टिचकी मारू नका. 6 पैकी 2 किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे. गडचिरोली, चंद्रपूरकडे अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का तेही पाहा, कारण पाय कुष्ठरोगानेही बधिर होतात.

नाडी पायाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे शोधा. लागत नसेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. फक्त संवेदना गेली असेल तर 6 ते 12 महिन्यांनी, सोबत पायाचा आकार बदलला असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर 3 ते 6 महिन्यांनी. आधी जखम होऊन गेली असेल तर 1 ते 3 महिन्यांनी बोलवाच.

सल्ला देताना घरच्यांनाही बसवा. काटा रुतला, भेग पडली की बिबा लावण्याची जुनी सवय आहे. बिब्याने कातडी भाजते आणि बधिर पायाला ते कळत नाही. गरम विटेचा शेकही तसाच घातक. तेल टाचेला लावा, बेचक्यांत नाही. पऱ्हाटीच्या खुंटांत, धुऱ्यावर अनवाणी जायचं नाही. बाभळीचा काटा स्लिपरच्या आरपार जातो, म्हणून जाड तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल हवी आणि घालण्याआधी आतून हात फिरवायला हवा.

पू, दुर्गंध, काळेपणा, पसरणारी लाली किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा. जखम नसताना एकच पाय सुजून लाल, गरम झाला असेल तरीही तेच करा. त्यावर चालत राहिल्यास आतली हाडं मोडतात. जखम सलाईनने धुवून कोरड्या निर्जंतुक गॉजने झाका. चिठ्ठीवर कोणता पाय, जखम किती सेंटिमीटर, नाडी लागते का आणि शेवटची शुगर किती ते लिहा. रुग्णाला फाट्यापर्यंत चालत पाठवू नका, 108 ला फोन करा.