ऑइल पंप बदलताय? या चुका टाळा

डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा पेटला की लोक थेट ऑइल पंपावर खापर फोडतात. नवा पंप काखेत मारून गॅरेजच्या दारात उभे. "पात्रांव, एवढा बसवून दे." प्रेशर मोजलं का, असं विचारलं की गप्प.

प्रेशर न मोजता पंप बदलणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पंप फक्त तेल ढकलतो. ते तेल बेअरिंगच्या बारीक फटींत अडत अडत पुढे जातं, म्हणून प्रेशर तयार होतं. फटीच वाढल्या असतील तर कोरा पंपही काय करणार? दिव्याला जोडलेला प्रेशर स्विच इंजिनावरून काढा, तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण तापू द्या आणि मग काटा बघा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय (दाबाचं माप) हा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा. खरा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. काटा ठीक आणि दिवा तरी पेटतोय, तर स्विच नाहीतर वायर तपासा. गरम इंजिनात आयडलला प्रेशर पडतं आणि रेस दिल्यावर सावरतं, तेव्हा माझा पहिला संशय बेअरिंगवर. रेस दिली की पडत असेल तर पंप जिच्यातून तेल ओढतो ती जाळी बघा.

गोव्यातल्या पेडण्याकडची एक टॅक्सी अशीच आली होती. पावसात कच्च्या वाटेवर चिऱ्याच्या दगडाला चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, आपटलेला. तेल गळलं नाही, म्हणून कुणी वाकून पाहिलं नाही. मग चोर्ला घाट चढताना दिवा लुकलुकायला लागला. आधीच्या गॅरेजने चेंबर उतरवला, पंप बदलला आणि तोच चेपलेला चेंबर परत चढवला! दिवा अर्थातच तसाच. आम्ही उघडला तेव्हा चेंबरचा तळ इतका वर आला होता की जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये नखही शिरेना. तेल ओढायला तोंडच मोकळं नव्हतं. मालकाने जुना पंप डिकीत ठेवला होता. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून पाहिला, झीज मर्यादेत. चेंबर बदलला आणि दिवा गेला. पंपाचे पैसे फुकट गेले ते गेलेच.

दुसरा माझा राग चेंबरच्या कडेला गळती थांबवायला लावतात त्या सिलिकॉनवर. नवशिक्या पोरांना वाटतं, जास्त लावलं की गळणार नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा, थरावर थर असलेल्या गोव्याच्या बेबिंका मिठाईसारखा. बोल्ट आवळले की बाहेर जेवढं येतं तेवढंच आतही येतं, तिथे तुटतं आणि जाळीत जाऊन बसतं. मी दोन्ही कडा पत्रा दिसेपर्यंत साफ करतो, बारीक एकसलग रेघ ओढतो, बोल्टच्या भोकांना आतल्या बाजूने वळसा घालतो. ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू देतो. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला चहाला पाठवतो.

पंप कोरडा बसवून चावी फिरवू नका. बसवण्याआधी त्यात तेल घालून रोटर (आतली चक्री) हाताने फिरवा, फिल्टरही भरून घ्या. पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडा थोडा स्टार्टर मारा, मध्ये त्याला दम खाऊ द्या. गेजचा काटा उठल्यावरच फ्यूज परत लावा. "दोन मिनिटांत काय होतंय?" म्हणणाऱ्यांना सांगतो, बेअरिंग खायला तेवढी पुरतात.

जाळीच्या नळीची ओ-रिंग जुनी वापरू नका. तिथून हवा ओढली की प्रेशर गेलंच. पंप क्रँक पुलीच्या मागे असेल तर पुढचा ऑइल सील त्याच वेळी बदला आणि टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या खुणा उघडण्याआधीच करा. ॲल्युमिनियममधले बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेला जोर दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळा. दिवा विझवायला जाड तेल ओतणं म्हणजे गाडी विकायची तयारी, दुसरं काही नाही.

आणि जुना पंप भंगारात टाकण्याआधी उघडा. रोटरवर खोल ओरखडे असतील तर ते पाडणारा धातूचा कीस बहुधा इंजिनातूनच आला आहे. बेअरिंग न उघडता नवा पंप बसवलात तर त्याचीही तीच गत होईल.