सोरोरिटीची शिफारसपत्रं: भारतातून किंवा आखातातून येणाऱ्या मुलींसाठी

अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, टेक्सास अशा दक्षिणेकडच्या राज्यांत पदवीसाठी प्रवेश मिळाला की मुलीच्या फोनवर सोरोरिटीची चर्चा सुरू होते. सोरोरिटी म्हणजे विद्यार्थिनींची संघटना. तिचं कॉलेजातलं घर, तिची वर्गणी आणि तिचं आयुष्यभराचं सदस्यत्व असतं. त्यात जायचं तर माजी सदस्य बायकांची शिफारसपत्रं लागतात, तीही प्रत्येक संघटनेसाठी वेगळी, असं कोणीतरी सांगतं. पुण्यात, दुबईत किंवा सिंगापुरात बसलेल्या आई-बाबांना मग घाम फुटतो.

एवढं घाबरायचं कारण नाही. पत्र मदत करतं, पण ते प्रवेशाचं तिकीट नाही. 2020 नंतर अनेक राष्ट्रीय संघटनांनी पत्राची सक्ती काढून टाकली आणि आई किंवा बहीण सदस्य असल्यास मिळणारं प्राधान्यही बंद केलं. कित्येक कॉलेजांची पॅनहेलेनिक मंडळं, म्हणजे तिथल्या सोरोरिटींचा कारभार बघणारी मंडळं, तर स्पष्ट लिहितात की पत्र मिळवणं ही मुलीची जबाबदारी नाही. दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांत पत्रांची प्रथा अजून जिवंत आहे, म्हणून तिथे दोन-चार खरी पत्रं मिळाली तर घ्यावीत. इतरत्र त्यामागे धावू नये. आधी कॉलेजच्या पॅनहेलेनिकचं पान वाचा, मग त्या कॉलेजात असलेल्या प्रत्येक संघटनेच्या मुख्यालयाचं पान. नियम संघटनेगणिक बदलतात.

पत्रांच्याही आधी तारखा बघा. दक्षिणेत ही निवडप्रक्रिया, म्हणजे रिक्रूटमेंट, बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याच्या आधीच उरकते. व्हर्जिनिया विद्यापीठ किंवा व्हँडरबिल्टसारख्या काही ठिकाणी ती हिवाळ्यात असते आणि तिथे परदेशातून येणाऱ्या मुलीला बरीच उसंत मिळते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर, कॉलेजनं दिलेल्या आय-20 या प्रवेशाच्या कागदावरील सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त 30 दिवस अमेरिकेत प्रवेश करता येतो. रिक्रूटमेंट त्या मुदतीत बसते ना, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासा. वसतिगृहात लवकर राहायला येण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. सगळ्यात जास्त फसगत होते ती ओरिएंटेशनमुळे, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या माहिती-कार्यक्रमामुळे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची हजेरी सक्तीची असते, आणि ती नेमकी रिक्रूटमेंटच्या एखाद्या फेरीच्या दिवशी येऊ शकते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं आणि पॅनहेलेनिकचं अशा दोन्ही कार्यालयांना जुलैच्या सुरुवातीलाच ईमेल करून वेळ सोडवून घ्या. मुलगी फेरीला हजरच नसेल तर दहा पत्रांचाही उपयोग नाही.

आता मूळ काम. पत्र सहसा त्याच संघटनेची दीक्षित (विधिपूर्वक सदस्य झालेली) माजी सदस्य देते. इथे नावांचा घोळ होतो. कप्पा कप्पा गामा, कप्पा आल्फा थीटा आणि कप्पा डेल्टा या तीन निरनिराळ्या संघटना आहेत. एकीच्या सदस्येचं पत्र दुसरीकडे चालत नाही. कप्पा फाय गामा तर आणखी वेगळी: डेल्टा फाय ओमेगा आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो यांच्यासारखीच ती 1998 मध्ये निघालेली दक्षिण आशियाई मुलींची संघटना. महाराष्ट्र मंडळात चौकशी केली की पुष्कळदा याच संघटनांच्या ताया भेटतात. त्यांच्याशी जरूर बोला, कारण तुमच्या मुलीला कदाचित तिथेच जास्त आपलं वाटेल, आणि त्यांची सदस्य घेण्याची पद्धत वेगळी, ऑगस्टच्या धावपळीबाहेरची असते. पण त्यांचं पत्र पॅनहेलेनिकच्या घरांत, म्हणजे पॅनहेलेनिकमधल्या सोरोरिटींत, कामाला येत नाही.

मग सदस्य शोधायच्या कुठे? मुलगी अमेरिकन शाळेत असेल, मग ती मुंबईतली असो वा दुबईतली, तर शाळेच्या समुपदेशक आणि शिक्षिका हा सगळ्यात सोपा रस्ता. त्यांतल्या अनेक जणी अमेरिकेत शिकलेल्या असतात आणि मुलीला ओळखतातही. दुसरा रस्ता म्हणजे परदेशातली अमेरिकन महिला मंडळं. लंडन, सिंगापूर अशा शहरांत ती आहेत. तिसरा, आई-बाबांच्या कंपनीतल्या अमेरिकन सहकारी किंवा सहकाऱ्यांच्या पत्नी. अमेरिकेत मावशी-काका असतील तर त्यांच्या शहरात अॅल्युम्नी पॅनहेलेनिक नावाचं माजी सदस्यांचं मंडळ आहे का ते बघायला सांगा. काही मंडळं मुलींची माहिती घेऊन योग्य सदस्यांपर्यंत पोचवतात. सध्या कॉलेजात असलेल्या सदस्य मुलींकडे मात्र पत्र मागू नका. रिक्रूटमेंटच्या काळात त्यांच्या संपर्कावर कडक नियम असतात आणि त्यात दोघींचीही अडचण होते.

अनोळखी बाईंना गाठून सोळा पत्रं गोळा करण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. पत्राच्या अर्जात बहुधा विचारलेलं असतं की मुलीला किती काळ आणि कशी ओळखता. 'ओळखत नाही, माहितीवरून लिहिते आहे' असं लिहिलेलं पत्र नियमात बसलं तरी त्याला वजन नसतं. ज्या बाईंनी मुलीला दोन वर्षं शिकवलं त्यांचं एक पत्र घ्या. ओळख नवीनच असेल तर निदान अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठेवा, आणि बोलू द्या मुलीला. आईनं शेजारी बसून उत्तरं देऊ नयेत.

बाईंना एकाच ईमेलमधून सगळं पाठवा: एक पानी बायोडेटा, गुणपत्रिका, चेहरा स्पष्ट दिसणारा एक साधा फोटो, कॉलेजचं नाव, आणि पत्राची शेवटची तारीख. पत्र त्या संघटनेच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करून भरतात, त्यामुळे त्यांना माहिती टाइप करता येईल अशी द्या. स्कॅन केलेली चित्रं नकोत.

नावाकडे विशेष लक्ष द्या. पासपोर्टवर मुलीचं आणि वडिलांचं नाव पुष्कळदा एकत्रच पहिल्या रकान्यात असतं. रिक्रूटमेंटच्या नोंदणीत फक्त मुलीचं नाव, बायोडेटावर घरचं लाडकं नाव आणि पत्रात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, असं झालं की पत्र कोणत्या मुलीचं हे चॅप्टरला, म्हणजे संघटनेच्या त्या कॉलेजातल्या शाखेला, जुळवता येत नाही. नोंदणीत जे लिहिलं तेच अक्षर न अक्षर सगळीकडे लिहा, ईमेल पत्ताही तोच.

गुणांचा प्रश्न येतोच. अर्जात 4.0 च्या मोजपट्टीवर जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, मागतात आणि बऱ्याच घरांची किमान अट 2.5 ते 3.0 च्या आसपास असते. टक्क्यांचं गणित स्वतःच करून आकडा भरू नका. शाळेकडून मोजपट्टी समजावणारं पत्र घ्या आणि टक्के कसे भरायचे ते पॅनहेलेनिक कार्यालयाला विचारा. आयबीचा निकाल जुलैत लागतो, तेव्हा पत्रासाठी अकरावीपर्यंतचे गुण वापरावे लागतील.

बायोडेटात आपल्याकडच्या गोष्टी गाळू नका, पण उलगडून लिहा. नुसतं 'ढोल पथक' लिहिलं तर वाचणाऱ्या मुलीला काही कळणार नाही. पथकात किती जण, आठवड्याला किती तास सराव, गणपतीत किती मिरवणुका, हे एका ओळीत आलं की चित्र उभं राहतं. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेपुढे 'राज्य शासनाची चित्रकला परीक्षा' एवढं जोडा. समाजसेवेचे तास आकड्यात द्या. इथे त्याला महत्त्व आहे.

वेळापत्रक साधारण असं धरा. कॉलेजचा निर्णय 1 मेपर्यंत होतो, आणि पत्र त्या ठरावीक कॉलेजच्या चॅप्टरसाठी असतं, म्हणून त्याआधी मागण्यात अर्थ नाही. मे महिन्यात मागणी, जूनअखेर पत्र पोर्टलवर. जुलैत अमेरिकेतली माणसं सुट्टीवर जातात, तेव्हा सौम्य आठवण जूनच्या मध्यालाच करा. पत्र गोपनीय असतं. मुलीला त्याची प्रत मिळत नाही. बाईंनी 'पाठवलं' म्हटलं की पुन्हा विचारू नये.

पैशांचं आधीच बोलून घ्या. नोंदणी शुल्क वेगळं, आणि निवड झाली तर मोठ्या कॉलेजांत वर्षाचा खर्च हजारो डॉलरांत जातो. आय-20 वरच्या अंदाजात तो सहसा धरलेला नसतो, आणि एफ-1 वर सत्र चालू असताना कॅम्पसमध्येच, आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. शेवटच्या फेरीनंतर मुलगी ज्या करारावर सही करते तो बंधनकारक असतो: त्यात तिनं पसंतीच्या यादीत लिहिलेल्या घराकडून बोलावणं आलं आणि तिनं नाकारलं, तर त्या कॉलेजात पुढच्या वर्षीच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत दुसऱ्या पॅनहेलेनिक घरात जाता येत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही ते नाव यादीत लिहू नये.

निकालानंतर पत्र देणाऱ्या प्रत्येकीला मुलीनं स्वतः आभाराचा ईमेल लिहावा, निवड दुसऱ्याच घरात झाली असली तरी. कुठेच झाली नाही, तर ज्या घरांत जागा शिल्लक असतात तिथे वर्षभर अनौपचारिक निवड चालते. तिची चौकशी सप्टेंबरमध्ये पॅनहेलेनिक कार्यालयातच करा.