जिवतीच्या कहाणीवरून कादंबरी लिहायची तर

मूल हवं म्हणून झुरणारी राणी आणि जन्मतःच मूल हिरावलं गेलेली ब्राह्मणाची बायको, दोघींचा जीव एकाच पोरात. श्रावणातल्या शुक्रवारी मुलांच्या रक्षणासाठी पूजतात त्या जिवतीची ही कहाणी कादंबरीला पुरून उरते. कहाण्यांची पुस्तिका पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळेल. आधी ती मोठ्यानं वाचा, मग घटना दहा-बारा ओळींत उतरवून काढा.

काळ लवकर ठरवा. पुण्यात घडवायची तर 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुरानंतरचा पहिला श्रावण घ्या. खडकवासला धरणही फुटलेलं, शहरात पाण्याचे हाल. कहाणीतली आई बाळासाठी नेम धरते, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. पाण्याची अशी टंचाई असताना वाड्यात धुवण कोण फेकणार? ते बादलीत साठवतात. बादली वाटेत आहे, ही वळसा घालून जाते आणि जावेला कळतं की ही अजून बाळाची वाट बघतेय. शोक असा लिहायचा. तिथंच तिला रडवलंत तर प्रसंग गेला. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कारल्याचा मांडव टाळायचे हे नेम प्रत्येकी एकदाच ठळकपणे येऊ द्या. दर प्रकरणात आले की त्यांची यादी होते.

बहुतेक खर्डे वरवंट्यापाशी फसतात. सुईण बाळंतिणीचे डोळे बांधते, मूल राणीकडे नेते, जागी वरवंटा ठेवते. वाचकाला हे पटावं म्हणून लेखक कारणं देत सुटतो. कारणं नकोत, वस्तू दाखवा: गार, जड, एका अंगानं झिजलेला दगड. पुढं घरात वाटणाची वेळ आली की आई शेजारून दुसरा वरवंटा मागून आणते, एवढं पुरे.

राणीला खाष्ट केलंत तर कादंबरी निम्मी मरते. दर तीन प्रकरणांत एक तिच्या नजरेतून लिहा. चोरलेलं मूल तापानं फणफणलंय आणि वैद्याला जन्मवेळ सांगायची आहे, असे प्रसंग तिला द्या.

कहाणीतलं गाय-वासराचं बोलणं वास्तववादी मांडणीत जमत नाही, गाळा. आई चारी दिशांना अक्षता टाकते ते मात्र दाखवाच. कहाणीत त्या मुलाच्या डोक्यावर पडतात. तुम्ही निम्म्या कादंबरीपर्यंत फक्त टाकणं दाखवा, पडणं नाही. मूल जिवंत आहे की नाही, हा आईच्या मनातला ताण त्यावरच टिकतो.

शेवटी भर पंगतीत मोठा झालेला मुलगा वाढत तिच्या पानाशी येतो आणि तिला पान्हा फुटतो. संकोचानं हे स्वप्नात ढकलू नका. पंगतीतच, सगळ्यांदेखत, सावकाश लिहा.