आपला मेमरी पूल व्हॅलग्रिंडला दाखवताना

महापेतल्या कंपनीत मला दोनच महिने झाले होते. सर्व्हर सी प्लस प्लसमधला, आणि त्यात टीमनेच लिहिलेला मेमरी पूल: मॅलॉककडून, म्हणजे मेमरी देणाऱ्या नेहमीच्या फंक्शनकडून, एकदाच मोठा तुकडा घ्यायचा आणि त्यातून 48 बाइटचे ब्लॉक वाटायचे. क्लायंटकडे सर्व्हर रोज पडायचा, इकडे व्हॅलग्रिंड, म्हणजे मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारं साधन, मात्र 'शून्य एरर' सांगायचं. तसा मेल टाकून मी घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडली. सकाळी लीडने एवढंच विचारलं, "अगं, पण त्याला आपला पूल दिसतो का?"

नव्हताच दिसत. सोसायटीचा वॉचमन गेटवरची नोंद ठेवतो. आत कोण कुणाच्या फ्लॅटमध्ये शिरलं ते त्याला कळत नाही. मेमचेकचं, म्हणजे व्हॅलग्रिंडमधल्या मेमरी तपासणाऱ्या भागाचंही तेच. त्याचं गेट म्हणजे मॅलॉक आणि मेमरी परत करणारं फ्री. पूलमध्ये ब्लॉक परत केला, तरी त्याच्या लेखी सगळा तुकडा वापरातच असतो.

मग व्हॅलग्रिंडच्या हेडरमधले मॅक्रो घातले. अख्खा तुकडा आधी 'नो अ‍ॅक्सेस' करायचा, ब्लॉक देताना 'मेमपूल अलॉक', परत घेताना 'मेमपूल फ्री'. पहिल्याच रनला शेकडो 'इनव्हॅलिड रीड ऑफ साइज 8', तेही आमच्याच अ‍ॅलोकेटरमधून! कारण रिकाम्या ब्लॉकच्या पहिल्या 8 बाइटमध्येच फ्रीलिस्टचा, म्हणजे रिकाम्या ब्लॉकच्या साखळीचा, पुढचा पॉइंटर होता. इथे क्रम सांभाळावा लागतो: परत घेताना पॉइंटर आधी लिहायचा, मग 'फ्री' सांगायचं, देताना तेवढे 8 बाइट 'डिफाइन्ड' करून वाचायचे, मग 'अलॉक'.

तरी मूळ बग सापडेना. आत्ता सोडलेला ब्लॉक लगेच पुढच्याला मिळत होता, म्हणजे जुना पॉइंटर पुन्हा वैध जागेवरच, त्यामुळे व्हॅलग्रिंड गप्प. म्हणून डीबग बिल्डमध्ये सोडलेले ब्लॉक काही काळ रांगेत अडकवून ठेवले.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझरला, म्हणजे कंपायलरसोबत येणाऱ्या अशाच दुसऱ्या साधनाला, हेच 'पॉइझन' आणि 'अनपॉइझन' करून सांगतात. तो 8 बाइटच्या हिशेबाने चालतो. आमच्या 4 बाइटच्या हेडरमुळे ब्लॉकच्या कडेचे बाइट सुटायचे. पण खरं सांगू, नवीन असाल तर आधी पूल बंद करून सरळ मॅलॉक वापरणारा एक बिल्ड ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पूलमधल्याच चुका त्यात दिसणार नाहीत, बाकी बरंच दिसेल.

रांग घातल्यावर बग पहिल्याच रात्री सापडला. ब्लॉक कुठे सोडला तेही रिपोर्टमध्ये होतं: टायमर रद्द न करताच सेशन सोडणारी एक ओळ. मीच लिहिलेली, पहिल्या आठवड्यात.